अभ्र्यावरचा डिव्हिडंड

क्लॅरी टकवेलने सोमवारी सकाळी मागच्या अंगणातल्या तारेवर उशीचा एक पांढरा अभ्रा अडकवला आणि बायकोला बजावलं, "याला हात लावायचा नाही."

नोएलीन पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. "वाळला तरी?"

"तो वाळायला घातलेलाच नाही."

"मग?"

"तो कामावर आहे."

नोएलीनने मलमाचं झाकण लावलं. संसारात तिने बरंच काही ऐकून घेतलं होतं, पण अभ्रा कामावर जाताना ती पहिल्यांदाच पाहत होती. (क्लॅरी निवृत्त झाल्यापासून त्या घरात कामावर जाणारं दुसरं कुणी नव्हतंच.)

गोष्ट अशी होती. क्लॅरीने उभा जन्म खाणीतून बंदरापर्यंत लोखंडाच्या तांबड्या खनिजाची आगगाडी हाकली. कंपनी पगारातून थोडे पैसे कापून शेअर द्यायची, ते त्याने कधी विकले नाहीत. वर्षातून दोनदा नफ्यातला वाटा, म्हणजे डिव्हिडंड, येई आणि म्हातारा-म्हातारी त्यावर जगत. मागचे दोन डिव्हिडंड तर असे भरभक्कम आले, की क्लॅरीने ते पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

तेव्हापासून नोएलीनने कॅरॅव्हॅनचा विषय लावून धरला. क्लॅरीचा क्लबातला दोस्त डेस बॉयल आपली जुनी कॅरॅव्हॅन विकत होता. पांढरी, आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. गाडीला जोडायची आणि निघायचं. नोएलीन मूळची टास्मानियाची, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या हिरव्या बेटाची. लग्न होऊन ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, या रखरखीत पोर्ट हेडलंडला आली तेव्हा दोन वर्षं राहू असं ठरलं होतं. ती दोन वर्षं अजून संपली नव्हती.

"मला हिरवं बघायचंय, क्लॅरी," ती म्हणाली होती. "सफरचंदाच्या बागेत उभं राहायचंय. आज हा गुडघा कॅरॅव्हॅनची पायरी चढतो. पुढच्या वर्षी चढेल का, कोण सांगणार?"

क्लॅरीला तिचं म्हणणं पटलं होतं. पण पटलं असं लगेच सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"डिव्हिडंड टिकणारा असेल तर घेऊ," तो म्हणाला. "नसेल तर अर्ध्या रस्त्यात पेट्रोल संपेल आणि कांगारूंच्या तोंडाकडे बघत बसू."

"मग कंपनीला फोन करून विचार."

"कंपनी काय सांगणार? आमचं वाटोळं झालंय म्हणून? मला विचारायची गरज नाही. मी खनिज ओळखतो."

आणि तो खरंच ओळखायचा, धुळीवरून. आमच्या गावात बंदराकडून वारा सुटला की तांबडी धूळ येते. ती छपरावर बसते, चहात पडते, कुत्रा पांढरा आणला तरी महिन्याभरात तांबडा होतो. सगळे त्या धुळीला शिव्या घालतात. एकटा क्लॅरी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून ते बोट आदराने निरखायचा. धूळ म्हणजे खनिज हलतंय. खनिज हलतंय म्हणजे जहाजं भरताहेत. जहाजं भरताहेत म्हणजे डिव्हिडंड. सरळ हिशेब. यात न कळण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळत नसे.

म्हणून अभ्रा. दिवसभर टांगायचा, संध्याकाळी पाहायचा. जितका तांबडा, तितकी कंपनी धडधाकट. डेसने रविवारपर्यंतची मुदत दिली होती.

सोमवारी संध्याकाळी अभ्रा छान गुलाबी झाला. क्लॅरीने तो नोएलीनच्या नाकासमोर धरला. "बघ!"

"बघितलं. आता माझी उशी कशावर ठेवू?"

मंगळवारी संध्याकाळी अभ्रा पांढरा होता.

साधा पांढरा नाही. दुकानातून आणल्यासारखा पांढरा. क्लॅरीने तो उलटा केला, सुलटा केला, तारेचं दुसरं टोक पाहिलं. कालची गुलाबी छटासुद्धा उडाली होती.

"नोएलीन, तू हात लावलास?"

"मी पोहायच्या तलावावर होते. गुडघ्याचा व्यायाम. तू दुपारभर घोरत होतास. कोण हात लावणार?"

"मग धूळ आलीच नाही. उलट वाऱ्याने कालचीही नेली."

बुधवारीही तेच. अभ्रा पांढरा, वर कडक. कडेला एक सरळ घडीही दिसत होती आणि त्याला फुलांसारखा वास येत होता. क्लॅरीने विचार केला आणि ठरवलं, की हवा कोरडी पडली की कापड असं होत असावं. (फुलांच्या वासाबद्दल त्याने काही ठरवलं नाही. ते कंपनीशी संबंधित नव्हतं.)

त्या रात्री तो जेवला नाही. सॉसेज ताटात तशीच राहिली. दूर रुळांवरून गाडी गेली, तिने भोंगा दिला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "भोंग्यात जोर नाही."

"भोंगा हवेवर चालतो की डिव्हिडंडवर?"

"तुला थट्टा सुचते. खाण बसत चाललीय, बाई."

गुरुवारी तो क्लबात गेला. डेस बॉयल नेहमीच्या खुर्चीवर होता. क्लॅरीने बिअर मागवली, ती लहान ग्लासात. डेसच्या ते लक्षात आलं.

"काय रे, तब्येत बरी नाही का?"

"माझी बरी आहे. कंपनीची नाही."

डेस पुढे सरकला. "तू पण ऐकलंस वाटतं! हॉस्पिटलातल्या बायका तेच म्हणतायत. आतली बातमी आहे म्हणे. जुन्या कामगारांना पैसे मिळेनासे झालेत. बेकरीवाल्याने तर अर्धे शेअर विकले."

क्लॅरीचा ग्लास हवेतच राहिला. मग तो खाली ठेवून त्याने टेबलावर मूठ आपटली. "बघ! मी एकटा म्हणत नाही! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि आता गावही म्हणतंय. डेस, कॅरॅव्हॅन नको मला. दुसऱ्या कुणाला दे."

डेस त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिला. वाद घातला नाही, घासाघीस केली नाही. "बरं," म्हणाला आणि घाईघाईने ग्लास तोंडाला लावला. क्लॅरीला वाटलं, बिचाऱ्याचं गिऱ्हाईक गेलं, म्हणून दुःख गिळतोय.

घरी येऊन त्याने नोएलीनला सांगितलं. जोड्याचे बंद सोडताना सांगितलं, तिच्याकडे पाहावं लागू नये म्हणून. ती रडेल, भांडी आपटेल, असं त्याला वाटलं होतं. ती "असं होय" म्हणाली आणि बटाटे घेऊन बसली. क्लॅरीला ते जास्त लागलं.

शुक्रवारी त्याने शेअर विकायला दलालाच्या कचेरीत फोन लावला. एक बाई म्हणाली, की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि पिपाणी वाजायला लागली. पिपाणी संपली, बाईने पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा पिपाणी. तिसऱ्या वेळी क्लॅरी फोनवर ओरडला, "महत्त्वाचा असेल तर उचला ना!" आणि ठेवून दिला. (त्याच्या आयुष्यातला पैशाचा सर्वांत शहाणा निर्णय त्याने असा रागाच्या भरात घेतला. शांतपणे घेतलेल्या निर्णयांबद्दल न बोललेलं बरं.)

शनिवारी दुपारी त्याला झोप लागली नाही. खिडकीशी खुर्ची ओढून तो अभ्र्याकडे पाहत बसला. अभ्रा सकाळपासून चांगला गुलाबी झाला होता. क्लॅरी उठून उभा राहिला. म्हणजे धूळ होती! मग संध्याकाळपर्यंत जाते कुठे?

तेवढ्यात कुंपणाची सुटी फळी बाजूला झाली आणि शेजारची लुझ आत आली. लुझ फिलिपिन्सची. हॉस्पिटलात रात्रपाळी करायची आणि गावातल्या प्रत्येकाचं बरं व्हावं असं तिला मनापासून वाटायचं. ती चवड्यांवर चालत तारेपाशी गेली, अभ्रा काढला आणि एप्रनखाली लपवला.

"लुझ!" क्लॅरी दारातून गरजला.

लुझ जागच्या जागी उडाली. "कुया क्लॅरी! तुम्ही जागे?" (थोरल्या भावाला तिच्याकडे कुया म्हणतात. क्लॅरीला ते आवडायचं, पण त्या दिवशी नाही.)

"अभ्रा चोरतेस?"

"चोरतेय कशाला? धुतेय! रोज धुतेय. धुऊन, इस्त्री करून, तुम्ही उठायच्या आत परत लावतेय. ऊन केवढं आहे, घटकेत वाळतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत मला." लुझचा आवाज एकदम हळवा झाला. "नोएलीनताईंचा गुडघा दुखतो. आणि तारेवर रोज एकच अभ्रा. चादर नाही, सदरा नाही, तोच एक अभ्रा, तोही मळका. मला वाटलं, यांच्या घरात एकच अभ्रा उरला. कंपनीने डिव्हिडंड बंद केला असणार आणि कुया मानी माणूस, सांगणार नाही कुणाला. मला रडू आलं हो."

क्लॅरीने दाराची चौकट धरली. "आणि हे तू हॉस्पिटलात बोललीस?"

"फक्त माझ्या पाळीतल्या बायकांना. आणि बेकरीत. पाव घ्यायला गेले होते. माझे चार शेअर आहेत, तेही सोमवारी विकणार आहे. तुमच्यासारख्या जुन्या माणसाचीच ही दशा, तर..."

"विकू नकोस," क्लॅरी कसाबसा म्हणाला.

म्हणजे गावातली आतली बातमी त्याच्याच अंगणातून निघाली होती, हॉस्पिटल आणि बेकरी करून क्लबात आली होती, आणि तिथे त्याने स्वतःच टेबलावर मूठ आपटून तिला दुजोरा दिला होता.

पण दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उजळला. धूळ होती! कंपनी चालू होती! त्याने लुझचे दोन्ही हात धरून हलवले, आणि पायात चपला न घालता गाडी काढून थेट डेसकडे गेला.

डेसचं अंगण मोकळं होतं. कॅरॅव्हॅनच्या जागी गवताचा फिकट चौकोन तेवढा उरला होता.

"विकली," डेस म्हणाला.

"कधी? कुणाला?"

"गिऱ्हाइकाने गप्प राहायला सांगितलंय."

क्लॅरी हळूहळू गाडी हाकत परत आला. वाटेत जन्मात पहिल्यांदा त्याने माफी मागायची वाक्यं जुळवली. जमेनात. 'माझं चुकलं' इथपर्यंत यायचा आणि 'पण' म्हणून थांबायचा. कोपऱ्यावर वळला तेव्हा त्याच्या घरासमोर पांढरी कॅरॅव्हॅन उभी होती. डेसच्या भाच्याने नुकतीच आणून लावली होती. दाराच्या पायरीवर नोएलीन उभी होती आणि गुडघा वाकवून पाहत होती.

"चढता येतंय," ती म्हणाली.

"तू घेतलीस? कशाने?"

"शाळेच्या कँटीनमध्ये होते तेव्हा मीही थोडे शेअर घेतले होते. त्यांचा डिव्हिडंड बाजूला टाकत गेले. सोमवारी डेसला पैसे दिले. तू अभ्रा कामावर पाठवून झोपलास ना, तेव्हा."

"आणि टिकला नाही तर? डिव्हिडंड? मला नाही विचारलंस!"

"कंपनीला विचारलं."

"दलाल फोन उचलत नाही, कंपनीवाले काय उचलणार?"

"उचलतात. बटाटे सोलून होईपर्यंत थांबायचं." ती पायरीवर टेकली. "फोनवरच्या माणसाला मी विचारलं, आम्हाला पैसे देता ते कमाईतून की कर्ज काढून? कमाईतून, म्हणाला. सगळी कमाई वाटता का? नाही, बरीच मागे ठेवतो. जुनं कर्जही फिटत आलंय. मग विचारलं, मागचे दोन आले तसेच मोठे पुन्हा येतील? तेव्हा तो खोकायला लागला. म्हणजे नाही. खनिजाचा भाव चढला होता म्हणून ते आले. मी ते दोन्ही विसरले. सगळ्यात वाईट वर्ष धरलं. भाव कोसळला होता आणि तू महिनाभर बिअर सोडली होतीस, ते."

"पंधरा दिवस."

"त्या वर्षी आले तेवढ्यात आपलं पेट्रोल आणि पाव बसतो का ते पाहिलं. बसतो. मांस आठवड्यातून एकदा."

क्लॅरीने मान खाजवली. "आणि धूळ?"

"धूळ सांगते किती माल गेला. काय भावाने गेला, ते अभ्र्यावर कुठे उमटतं?"

 क्लॅरीने कॅरॅव्हॅनच्या चाकाला पायाने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "मीही शेवटी त्याच मताला आलो होतो."

"हो तर," नोएलीन म्हणाली. "अनवाणी आलास, तेव्हाच ओळखलं."

काही दिवसांनी कंपनीने डिव्हिडंड जाहीर केला. मागच्यापेक्षा बराच कमी. क्लॅरीचा चेहरा उतरला. नोएलीनने टास्मानियाच्या नकाशावरून मान वर केली नाही. "मी याहून कमी धरला होता," ती म्हणाली. "मांस आठवड्यातून दोनदा."

निघायचा दिवस ठरला. तिची एकच अट होती: हिरव्या मुलखात जायचं तर कॅरॅव्हॅन पांढरीशुभ्र हवी. ते काम क्लॅरीकडे आलं. पहाटेच तो बादली आणि ब्रश घेऊन लागला. वारा बंदराकडून होता. त्याने उजवी बाजू लख्ख केली आणि डावीकडे गेला. डावी झाली तेव्हा उजवी गुलाबी झाली होती. त्याने पाणी बदललं. उजवी पुन्हा घासली, डावी तांबडी झाली.

कुंपणाच्या फळीतून लुझने डोकं काढलं. "कुया, मी धुऊन देऊ?"

"नको!"

दुपारपर्यंत तो त्या कॅरॅव्हॅनभोवती फिरत होता. मिशा तांबड्या, बनियन तांबडा, बादलीतलं पाणी तांबडं. पण एका गोष्टीची आता त्याला पुरती खात्री पटली होती. कंपनीचं उत्तम चाललं होतं.