वन्संनी निवडलेलं पर्सिमन

अंगणातलं पर्सिमनचं, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या केशरी फळाचं, झाड राहणार की जाणार, हे रविवारी ठरणार होतं. वन्संना, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, आल्यावर गाडी लावायला नेमकी तीच जागा हवी होती. "गेल्या वर्षी चावा घेतला तर तुरटपणाने जीभ टाळ्याला चिकटली! एक तरी गोड फळ दाखवा, नाहीतर झाड तोडा," असा त्यांचा फोन आला आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. वन्संचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

सूनबाईने ते झाड लेकरासारखं वाढवलं होतं. पण यंदा मेलं सगळंच लांबलं. आधी ढगच ढग, मग थंडीचा पत्ता नाही. फळं केशरी झाली, पण दगडासारखी टणक! तिने ती उतरवून खोक्यात ठेवली आणि गुपचूप दोन सफरचंदं आत घातली. सफरचंदाच्या संगतीत फळं लवकर पिकतात, हे तिने ऐकलं होतं. नवऱ्याने केळ्यांबद्दल ऐकलं होतं. त्याने गुपचूप अख्खी फणी आत सरकवली. सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, उशीर त्यांना सोसवत नसे. त्यांनी खोकं गुपचूप फ्रिजमागे उबेला नेऊन ठेवलं.

रविवारी झाकण उघडलं, तर फळं पार लिबलिबीत होऊन फुटलेली.

"अप्पा, केळी तुम्ही घातलीत?" सूनबाईने सासऱ्यांना विचारलं.

"छे! मी फक्त खोकं हलवलं."

"मी तर हातसुद्धा लावला नाही," नवरा छताकडे बघत म्हणाला.

सूनबाई रडकुंडीला आली, तेवढ्यात वन्सं दारात हजर.

"शी! सडलंय की सगळं!"

"वन्सं, हे असंच मऊ झाल्यावर खातात—"

"मला शिकवू नकोस. ताजं फळ टणक असतं." असं म्हणत त्यांनी झाडावर चुकून राहिलेलं एकुलतं एक फळ तोडलं आणि कचकन चावलं.

ओठांचा चंबू झाला. डोळे विस्फारले.

"ताई, तोडायचं का झाड?" नवऱ्याने विचारलं.

"म्म!"

"मग ठेवायचं?"

"म्म्म!"

"हिचं तोंड बंद झालेलं मी जन्मात पहिल्यांदा बघतोय," सासरे खुशीत म्हणाले.

सूनबाईला मात्र कीव आली. तिने खोक्यातला गर चमच्याने वन्संना भरवला. एक चमचा, दुसरा चमचा. तिसऱ्याला वन्संनी चमचा हिसकावला आणि खोकंच मांडीवर घेतलं.

"गाडी राहील रस्त्यावर," चमचा चाटत त्या म्हणाल्या. सूनबाईने आनंदाने त्यांना मिठीच मारली.

"पुरे गं! आधी सांगा, इतकी गोड पिकवली कुणी?"

"मी!" तिघंही एकदम ओरडले.