पुलापलीकडे राहिलेल्या खुर्च्या

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक सायकल मनात आणा. तिला पुढे भलीमोठी लाकडी पेटी आहे. आता त्या पेटीत घडीच्या आठ खुर्च्या भरा, त्यांच्या फटींत बटाटे, कॉफी आणि चीजचा गोल गड्डा कोंबा. सगळ्यावर अकरा वर्षांच्या नीन्केला बसवा आणि तिच्या मांडीवर गुलाबी साखरेचा केक द्या. मागे धापा टाकत पायडल मारतेय ती तिची आजी, हिस्के. आज आजीचा सत्तरावा वाढदिवस आहे, आणि त्यांच्या लेउवार्डन गावात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो.

खरं तर आजीला एवढी घाई नव्हती. पण सकाळीच वीबेकाकाने डिवचलं होतं.

"आई, या वयात ही हमाली शोभते का? मी गाडी काढतो."

"शोभतं की नाही ते मी आरशाला विचारीन. तुझी गाडी तुला लखलाभ!"

"मग लागली पैज. आजचं सगळं सामान सायकलीवर घरी आलं, तर सायकल राहील. एक चमचा जरी माझ्या गाडीतून आणावा लागला, तर सायकल विकायची आणि हेसेलने माझी जुनी गाडी घ्यायची."

हेसेल म्हणजे नीन्केचे बाबा. ते भावाकडे बघून हो म्हणाले, आईकडे बघूनही हो म्हणाले. नीन्केने मात्र पेटीची कड घट्ट धरून ठेवली. बालवाडीत असल्यापासून ती त्याच पेटीत बसून भिजली होती, झोपली होती, एकदा तर गोवरही तिथेच अंगावर काढला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात पुलाचा चढ आला आणि सायकल मागे सरकू लागली.

"उतर खाली!" आजी म्हणाली. "खुर्च्या इथेच ठेवू. आधी खाऊ पलीकडे नेऊ, मग परत येऊन खुर्च्या नेऊ. हात टेकायचे नाहीत!"

दोघींनी खुर्च्या दिव्याच्या खांबाला टेकवल्या आणि सायकल ढकलत पूल ओलांडला. नेमकी तेव्हाच घंटा वाजली, दांडा खाली आला आणि मागे पूल उचलला गेला. शिडाच्या होड्या येऊ लागल्या. एक गेली की दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी.

"आजी," नीन्के हळूच म्हणाली, "त्या खांबाजवळ मोडका सोफा आहे. आणि एक गादी."

आजीने पलीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या गल्लीत आज मोठं भंगार बाहेर ठेवायचा दिवस होता. आणि भंगाराच्या ढिगाजवळ जे ठेवलेलं असतं, ते उचलेल त्याचं, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

एक लांबट विद्यार्थी सायकल थांबवून खुर्च्या उघडून बघत होता.

"अहो! त्या माझ्या आहेत!" आजी ओरडली.

"छानच आहेत!" अर्धवटच ऐकू आल्याने तो आनंदाने ओरडला. "खूप आभार, काकू!"

त्याने चार खुर्च्या सायकलीला बांधल्या. उरलेल्या चार एका जाड भिंगांच्या चष्म्यातल्या म्हातारबांनी आणि त्यांच्या बायकोने आपापल्या सायकलींवर वाटून घेतल्या. त्यांनीही हात हलवला. सभ्य माणसं.

एवढ्यात आजीचा फोन वाजला. वीबेकाका होता. "आई, पाहुणे येताहेत आणि घरात बसायला काही नाही. गाडीतून आणू का चार खुर्च्या?"

"खबरदार! लोक जमिनीवर बसतील, पण तुझ्या गाडीतल्या खुर्चीवर बसणार नाहीत!" आजीने फोन बंद केला.

पूल खाली आला तसा नीन्केने केक आजीच्या हातात कोंबला. "मी खुर्च्या परत मागून आणते!"

"मागायच्या नाहीत," आजी म्हणाली. "आपलं जेवणाचं टेबल कुठून आलंय? असल्याच ढिगातून. आता कुठल्या तोंडाने परत मागणार? खुर्च्या त्यांच्या झाल्या."

नीन्के क्षणभर थांबली. मग सुसाट पळाली आणि तिघांनाही कोपऱ्यावर गाठलं.

"खुर्च्या तुमच्याच," ती धापा टाकत म्हणाली. "पण आज आजीचा सत्तरावा आहे. खुर्च्या घेऊन आमच्याकडे याल का? केक आहे."

"न सांगता सवरता?" म्हातारबा दचकले. त्या गावात कॉफीलासुद्धा आठवडाभर आधी ठरवून जातात.

"मी सांगतेय ना आत्ता!"

विद्यार्थ्याने विचारलं, "केक कसला?"

"गुलाबी."

"मग चला की!"

अशी वरात निघाली. पुढे पेटीवाली आजी, मागे खुर्च्या लटकवलेल्या तीन सायकली. घरी खोलीभर खुर्च्यांचं गोल कडं झालं आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. "आजीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन!" असं बाबांनी विद्यार्थ्याचा हात हलवत म्हटलं, तेव्हा तो लाजून म्हणाला, "माझं काय त्यात? मी नुसता खुर्चीचा मालक."

"सगळं सायकलीवरच आलं," आजीने सगळ्यांना ऐकवलं. "चमचासुद्धा!"

पण ज्याला ऐकवायचं होतं, तो वीबेकाकाच तिथे नव्हता. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

"हेसेल," वीबेकाकाचा आवाज बारीक झाला होता, "मी सरबताची खोकी आणायला गेलो होतो. गल्लीत गाडी लावायला जागाच नाही रे. पार स्टेशनामागे लावलीय. खोकी जड आहेत. कुणी... म्हणजे... सायकल घेऊन येईल का?"

खोलीत खसखस पिकली. बाबा उठायच्या आत नीन्के दारातून बाहेर पडली होती. रिकामी सायकल दामटत ती स्टेशनामागे पोचली, काकाची खोकी पेटीत नीट रचली, मग स्वतः त्यांच्यावर ऐटीत चढून बसली आणि मागच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाली,

"बसा, काका. आणि जोरात मारा हं पायडल, केक संपत आलाय."