बाबांचा मॉनिटर

येत्या रविवारी बाबांचा जुना मॉनिटर माळ्यावर जाणार आणि त्याच्या जागी नवा, ऐसपैस पडद्याचा येणार, हे चष्मेवाल्याने इतक्या ठामपणे जाहीर केलं की त्याच्या बायकोने ते मनावरच घेतलं नाही. ठामपणे जाहीर केलेल्या गोष्टींचं त्या घरात पुढे काय होतं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

कारण मात्र खरं होतं. चष्म्याचं दुकान दुपारी एक ते पाच बंद असायचं आणि तेवढ्या वेळात चष्मेवाला बाबांच्या खोलीत बसून गेम खेळायचा. बंदुकांचा. कानाला हेडफोन आणि हेडफोनच्या पलीकडे जोडीदार, चौकातला दंतवैद्य. मॉनिटर चौदा वर्षांचा. भिंतीआडून शत्रू आलाय हे पडद्यावर दिसेपर्यंत तो शत्रू चष्मेवाल्याला मारून पुढे निघून गेलेला असायचा.

"दिवसभर लोकांची नजर तपासतोस आणि स्वतः आंधळ्यासारखा मरतोस," दंतवैद्य म्हणायचा. "बदल की तो डबा आता."

बदलाची सुरुवात म्हणून खुर्ची बुधवारीच आली होती. काळीभोर, उंच पाठीची, गॅसच्या दांड्यावर वर-खाली होणारी. मॉनिटरपाशी मात्र घोडं अडलं होतं, कारण मॉनिटर बाबांचा होता.

बाबा मुद्रितशोधक. छापायला निघालेल्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात जन्म गेला. घरात ते कधी ओरडले नाहीत, कधी 'नाही' म्हणाले नाहीत. कुणी काही नवं मागितलं की फक्त डोळे मिटायचे. एक, दोन. मग उघडायचे आणि पुन्हा कागदावर मान घालायचे. चष्मेवाल्याची सायकल, गिटार, बायकोने सुचवलेला मोठा फ्रिज, सगळं त्या एक-दोनमध्ये गडप झालं होतं.

ते जाऊन दहा महिने झाले होते. तेव्हापासून आईने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. चहा आणायची तो उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायची. ताटातलं अर्धं तसंच टाकायची. बोलणंही कामापुरतं.

गुरुवारी दुपारी बायको दारात आली. "मग, काय ठरलं?"

"ठरलं. हा जाणार," असं म्हणत चष्मेवाला टेबलाची लांबी मोजायला उठला.

मॉनिटर काळा झाला.

वीज गेली नव्हती. पंखा फिरत होता, कॉम्प्युटरचा दिवा चालू होता. एक, दोन. पडदा परत उजळला, जसं काही झालंच नव्हतं.

"जुना झालाय," चष्मेवाला म्हणाला, पण आवाज बारीक निघाला.

शुक्रवारी घरात तो एकटाच होता. भर दुपार, बाहेर चिटपाखरू नाही. "घेतोच उद्या," असं दंतवैद्याला ठणकावून सांगत तो ताडकन उठला आणि पडदा पुन्हा काळा. त्या काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि खांद्यामागे बाबांचा कोट. कोट खुंटीवर दहा महिने होताच. पण आत्ताच कुणीतरी घातल्यासारखा तो भरल्या खांद्यांचा वाटला. एक, दोन. पडद्यावर चष्मेवाला मरून पडला होता. खुर्चीशेजारी उभा होता तोही त्याच बेतात होता.

तेव्हापासून नव्या मॉनिटरची बोलणी जिन्यात होऊ लागली.

"इथे का कुजबुजतोस?" बायकोने विचारलं.

"तो ऐकतो."

"कोण तो?"

"तो म्हणजे... ते."

हे आईच्या कानावर पडायचं ते पडलंच. शनिवारी दुपारी तीनला ती उंबऱ्यावर आली, थांबली आणि आत आली. दहा महिन्यांनी. चष्मेवाला खुर्चीतच थिजला. आईने पदर सारखा केला आणि थेट पडद्याकडे बघून विचारलं, "अहो, याला नवा घेऊ द्यायचा का?"

आई उभी आणि आपण बसलोय, हे चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं. तिला खुर्ची द्यायला तो घाईने उठला. पडदा काळा. एक, दोन.

"नाही म्हणतायत," आई म्हणाली. मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "माझ्यावर रागावलात का? इतके दिवस आले नाही म्हणून?"

दोघं खिळल्यासारखी उभी राहिली. पडदा मात्र तसाच, शांतपणे उजळलेला. आईने डोळ्यांना पदर लावला. "नाही रागावले," ती म्हणाली.

मग रोज तीनला आई येऊन खुर्चीत बसायची. बसली की पडदा मिटून उघडायचा, म्हणजे ओळख दिली. मग ती पेपर उघडायची आणि त्यातल्या छपाईच्या चुका त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. "ऐकलंत का, 'मंत्र्यांचे आगमन'मधला अनुस्वार खाल्लाय." उठताना पडदा पुन्हा मिटायचा, म्हणजे निरोप. ती पोटभर जेवू लागली, शेजारणीशी हसू लागली. चष्मेवाला खिडकीपाशी अवघडून उभा राहायचा. गेम बंद. मॉनिटर हलवला तर आई पुन्हा उंबऱ्यावर जाणार, म्हणून तो त्याला हात लावत नव्हता. आणि इकडे दंतवैद्य दुसरा जोडीदार शोधत होता.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. बाबांचा मॉनिटर मानाने आईच्या खोलीत ठेवायचा. एका रविवारी आई बाहेर गेल्यावर त्याने माफी मागत मागत तो काढला आणि तूर्त बाबांच्या खोलीतल्याच कॉटवर उशीला टेकवून ठेवला. नवा लावला. काय रंग, काय वेग! लांबून कसा दिसतो बघावं म्हणून तो उठला.

नवा मॉनिटर काळा झाला.

जुना कॉटवर होता, एकही वायर न लावलेला. एक, दोन. नवा उजळला. चष्मेवाल्याने बायकोला अशी हाक मारली की ती हातातली पोळी घेऊनच आली.

बायको इस्पितळात ईसीजी काढायची. तिने पडदा पाहिला, नवऱ्याला पाहिलं आणि म्हणाली, "बस."

तो बसला. काळा.

"ऊठ." काळा.

"आता उभ्यानेच बाबांना काय हवं ते विचार." त्याने विचारलं. काही नाही.

"खुर्ची," बायको म्हणाली. "त्या गॅसच्या दांड्यात बसता-उठता बारीकसा विजेचा झटका तयार होतो, तो पडद्याच्या वायरला लागतो. आमच्याकडे रेघा अशाच उडतात. बाबा नाहीत त्यात."

मागे पेपर सळसळला. दारात आई उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

चष्मेवाल्याला वाटलं, आत्ता ही मागे फिरणार. आई पुढे आली. खुर्चीत बसली. काळा. उठली. काळा. कॉटवरच्या मॉनिटरवरून तिने हात फिरवला.

"म्हणजे ते मॉनिटरमध्ये नव्हतेच," ती म्हणाली.

"नाही गं आई."

"खुर्चीत होते." आईने मान डोलावली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या माणसाला खुर्चीतून उठलेलं कधी कुणी पाहिलंय?"

तासाभरात खुर्ची आईच्या खोलीत गेली. जुना मॉनिटरही गेला आणि बायकोने त्याला माळ्यावर पडलेला बाबांचा जुना कॉम्प्युटर जोडून दिला.

आता चष्मेवाल्याकडे चौकातला सगळ्यात वेगवान मॉनिटर आहे आणि बसायला स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. शत्रू भिंतीआडून येताना त्याला लख्ख दिसतो. मारतो मात्र पहिल्यासारखाच.

परवा पाठ इतकी भरून आली की तो कंबर धरत आईच्या दारात गेला. आई पेपर वाचत होती.

"आई, मला एक नवी खुर्ची घेऊ का?"

आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पेपराची नीट घडी घातली. मग दोन्ही हातांवर भार देऊन, अजिबात घाई न करता, ती खुर्चीतून उठली.

एक, दोन.

चष्मेवाला स्टुलावर येऊन बसला.