तिसरं रीळ

पांढरकवड्याच्या आमच्या टॉकीजमध्ये आत जाणं सोपं होतं, बाहेर येणं अवघड. दारात वामनराव उभे असत. हे खरं तर मशीनवरचे ऑपरेटर, त्यांची जागा वर केबिनमध्ये. पण सिनेमा संपला रे संपला की ते लोखंडी शिडीवरून धडाधड उतरायचे, पब्लिकच्या आधी दार गाठायचे आणि अर्धं दार अडवून विचारायचे, "कसा वाटला?"

"चांगला होता" म्हणून सटकायची सोय नव्हती.

"चांगले तं पोहेबी असते," ते म्हणायचे. "काय चांगलं व्हतं, थे सांगा."

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि वामनरावांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. दिवसभर पोरांच्या परीक्षा घ्यायच्या आणि सुटीच्या दिवशी टॉकीजच्या दारात स्वतः तोंडी परीक्षेला उभं राहायचं, असा माझा क्रम होता. एकदा घाईत होतो, म्हणून "गाणी बरी होती" असं ठोकून दिलं.

"कोनतं बरं व्हतं? दुसरं का चौथं?" वामनरावांनी विचारलं. "दुसऱ्या टाइमले तं तुम्ही बाहेर पान खाले गेलते."

केबिनच्या चौकोनी भोकातून त्यांना पडदा कमी आणि माणसं जास्त दिसायची.

ही मतं ते कुठे लिहून ठेवत नसत, सगळं डोक्यात. टॉकीज हायवेला लागून, त्यामुळे ट्रकवाले पुष्कळ यायचे. हैदराबादला निघालेला एखादा ड्रायव्हर दोन वर्षांनी पुन्हा आला की वामनराव त्याला गाठायचे. "भाऊ, मागच्या टाइमले तुम्ही म्हनले व्हते, का हिरोनं मायचं ऐकाले पाहिजे व्हतं. आताबी तेच मत हाय का?" त्या बिचाऱ्याला सिनेमाही आठवत नसे, हिरोची मायही नाही.

"काहो वामनराव, ही उठाठेव कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, सिनेमाची पेटी यष्टीनं येते अन् यष्टीनं जाते. इथं राह्यते काय? मत राह्यते."

आता दुसरं सांगतो. वामनरावांनी लग्न केलं नाही. त्यांना एक धाकटा भाऊ होता, मनोहर. कोसभरावरच्या खेड्यात दोघांची मिळून दोन एकर कपाशी. कपाशीची ती फार वाईट वर्षं. अळी औषधाला जुमानत नव्हती, म्हणून माणसं औषध वाढवत होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होती. अशाच एका दिवशी फवारणीची पाळी वामनरावांची होती, आणि नेमकी त्याच दिवशी नव्या सिनेमाची पेटी यष्टीवर यायची होती. "मन्या, आजचा पंप तू घे," असं सांगून ते स्टँडवर आले. शेतात वारा उलटा होता. औषध सगळं मनोहरच्या अंगावर आलं. संध्याकाळी तो शेताच्या धुऱ्यावर कोसळला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वामनराव कधी बोलले नाहीत, आणि कुणी त्यांना विचारलं नाही. एवढं मात्र होतं, की त्यानंतर पेटी आणायला ते स्टँडवर गेले नाहीत, हमाल पाठवत.

मनोहरची बायको कौसल्या त्या खेड्यातच राहायची. दर रविवारी सकाळी वामनराव तिच्याकडे जाऊन काय हवं-नको ते बघून येत. मी एकदा सोबत गेलो. आमच्याकडे जुन्या चालीच्या घरांत भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. ती पदर ओढून चुलीकडे तोंड करून म्हणाली, "घरातलं तेल संपलं बाप्पा." वामनराव अंगणातल्या बकरीला म्हणाले, "उद्या पाठोतो." बकरीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या घरात सगळे व्यवहार असेच चालत, आणि सगळ्यात जास्त माहिती बकरीला होती.

मनोहर गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हा तो सिनेमा आला. परदेशातला, हिंदीत बोलणारा. एका काळोख्या शहरात दोन भाऊ असतात. धाकटा नदीवर कामाला जातो आणि बुडून मरतो. थोरला तळघरात एक मशीन बनवतो आणि काळात मागे जातो, त्याला अडवायला. एकदा दारातच आडवा झोपतो. एकदा त्याची होडी जाळतो. चार वेळा जातो, पण धाकटा दर वेळी कुठल्या ना कुठल्या कारणानं मरतोच. शेवटी थोरला मशीन फोडतो आणि अंधारात एकटा बसून राहतो. संपलं.

शुक्रवारी पहिल्याच खेळाला मी होतो. बाहेर आलो तर दारात वामनराव, पण चेहरा उतरलेला, आणि प्रश्न बदललेला.

"त्यानं काय कराले पाहिजे व्हतं?"

लोकांना वाटलं हे सिनेमाबद्दलच चाललंय, त्यामुळे मतं सुटली. एक ड्रायव्हर म्हणाला, "नदीवर कायले जाऊ देल्लं? दुसऱ्या रोडनं न्याले पाहिजे व्हतं." शिंपी म्हणाला, "खोलीत कोंडून कुलूप लावाचं अन् किल्ली विहिरीत." झरी जामणीकडून बाजाराला आलेल्या एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याला मशीनच पसंत नव्हतं. "देवाले न इचारता मांगं जाते का कोनी?" कंपाउंडर म्हणाला, "सिनेमा रद्दी हाय. इतका अंधार, का मले माह्याच चपला सापडल्या नाई."

वामनराव प्रत्येकाचं ऐकत होते. हसत मात्र नव्हते. त्या रात्री भिंतीपलीकडून मला त्यांच्या येरझारा ऐकू आल्या.

मंगळवारी शाळेला सुटी होती, म्हणून मी पुन्हा गेलो. आणि बघतो तर सिनेमाच वेगळा! निम्म्यातच थोरल्यानं मशीन फोडलं. त्यानंतर त्याच फुटक्या मशीनमधून तो आणखी दोनदा मागे जाऊन आला. आणि शेवटी दार उघडलं, धाकटा आत आला, ओली टोपी काढली आणि दोघं भाऊ जेवायला बसले. दिवे लागले. मागे एक बाई डोळे पुसत "बरं झालं बाई" म्हणाली. पब्लिक खूष होतं. फुटक्या मशीनबद्दल मी शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "टाइमचा सिनेमा हाय सर, असंच राह्यते."

मी वर केबिनमध्ये गेलो. दोघं भाऊ जेवायला बसतात ते मधलं, तिसरं रीळ मशीनवरून अजून उतरलं नव्हतं. शेवटचं, सातवं, केव्हाच डब्यात बंद झालं होतं.

"डबे बदलले असन," वामनराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "चूक झाली."

वीस वर्षांत या माणसाचा एकही डबा बदलला नव्हता. मी मालकाला सांगायला गेलो नाही.

गुरुवार शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी पेटी परत जायची. दुपारचा खेळ संपला, वामनराव शिडी उतरले, आणि बाहेर येणाऱ्या बायांमध्ये त्यांना कौसल्या दिसली. ते दारातून बाजूला झाले. मग मला म्हणाले, "मास्तर, इचारा."

मी विचारलं, "कसा वाटला, ताई?"

तिनं पदर पुढे ओढला. "मास्तर, यायले सांगा, रिळं बदलले यायनं. मी शुक्रवारीबी पदर ओढून गर्दीतून येऊन गेलती. थो सिनेमा खरा व्हता."

वामनराव भिंतीकडे बघत म्हणाले, "मास्तर, सांगा त्यायले, त्याच्यात भाऊ मरते."

"हाव, मरते. पन थोरल्याच्यानं नाई मरत. दारात आडवा झोपला थो, तरी व्हाचं थे झालंच. यायले सांगा मास्तर, त्या दिवशी वारा उलटा हाय, थे मलेबी दिसत व्हतं. तरी म्याच म्हनलं, आजच उरकून टाका, उद्या माह्या मायकडं जाचं हाय. भाकर म्या बांधून देल्ली. यायनं पंप घे म्हनलं नसतं, तरी थे जानारच व्हते."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर, आणि मधे मी. हे मी कुणाला कसं सांगणार होतो? मास्तरकीत असलं काही शिकवत नाहीत.

"मास्तर, त्यायले सांगा..." वामनराव म्हणाले. त्यांनी शिडीला हात टेकला.

तेव्हा कौसल्या माझ्या बाजूनं पुढे झाली. लग्न होऊन त्यांच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं मान वर करून त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "सिनेमातला थो चार वेळा मांगं गेला अन् थांबला. तुम्ही तीन वर्सं झाले, रोज जाऊन राह्यले. आता नका जाऊ."

वामनराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि लहान लेकरासारखे रडले, सगळ्या पब्लिकसमोर. मीही रडलो, लपवत नाही. ती मात्र रडली नाही. तिचं बहुतेक शुक्रवारीच झालं असावं, मागच्या बाकावर, एकटीचं.

बऱ्याच वेळानं त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि तिला विचारलं, "चहा घेशीन का, बाई?"

सहाचा खेळ त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुरू झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, मालकाला हाका घातल्या. मी दारात उभा राहून एकेकाला समजावत होतो, थांबा जरा, ऑपरेटर घरच्या माणसासोबत चहाला गेलेत.