पाचशे तेरावं अक्षर

“आज मी चार वाजता निघणार म्हणजे निघणार! ऑफिसला आग लागली तरी आगीला वळसा घालून निघणार!”

शंकाताईंनी ही घोषणा केली तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि ऐकायला फक्त मशीनरूमचे काका हजर होते. काका पंख्यांच्या जाळ्या झटकत होते. तीस वर्षं मशीनांच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांना माणसांचं बोलणं निम्मंच ऐकू येई, आणि ते नेमकं नको ते निम्मं असे.

“मागच्या खेपेलाही असंच म्हणाला होतात,” काका म्हणाले.

“मागच्या खेपेला आग नव्हती लागली, काका. साहेबांचा फोन लागला होता.”

चार वर्षांत ताईंनी एकही सलग रजा घेतली नव्हती. आता आठ दिवस मंजूर झाले होते. समुद्राकाठी एक खोली ठरली होती, साडेपाचची बस होती, नवरा आणि सासूबाई बॅगा घेऊन थेट स्टँडवर येणार होते. ताई दमल्या होत्या म्हणजे किती? मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला आणि त्या तीन वेळा वर-खाली करून आल्या. चौथ्या वेळी काकांनी हाताला धरून बाहेर काढलं.

शंकाताई हे नाव अर्थातच ऑफिसनं ठेवलेलं. त्यांचं कामच शंका घेण्याचं. ही कंपनी लोकांना संगणक भाड्यानं देई, पण ते खरे नसत. एका दांडग्या मशीनच्या पोटात वीस-पंचवीस खोटे संगणक चालत. ऑफिसात त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. आपण खराखुरा, स्वतंत्र संगणक आहोत असं प्रत्येक पाहुण्याला वाटत राहिलं पाहिजे, म्हणून त्याला खोटा कीबोर्ड द्यायचा, खोटा प्रिंटर द्यायचा, आणि ऐका, खोटा फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा द्यायचा! खरी फ्लॉपी जगातून उठून जमाना झाला, इथली खोटी मात्र ठणठणीत होती. या सोंगाला कुठे भोक पडलंय का, हे शोधणं ताईंचं काम. दिवसभर संशय घ्यायचा आणि मीटिंगमध्ये हसतमुख राहायचं, अशी ती नोकरी.

भोक त्यांना तीन वर्षांपूर्वीच सापडलं होतं. सोंगाचा प्रोग्राम साहेबांनी स्वतः, ऐन तारुण्यात लिहिलेला. पाहुणा फ्लॉपीवर जे लिहील ते ठेवायला त्यांनी पाचशे बारा अक्षरांची जागा केली होती. त्याहून जास्त आलं तर? तर काहीच नाही. प्रोग्राम मोजतच नसे! पाचशे तेरावं अक्षर सरळ शेजारच्या खणात जाऊन पडे आणि तिथे जे असेल त्याच्यावर बसे. बरं, प्रत्येक पाहुण्याला वेगळा प्रोग्राम असता तर ज्याचं नुकसान त्याचं त्याला. पण साहेब काटकसरी. एका मशीनमधल्या सगळ्या पाहुण्यांचं सोंग एकच प्रोग्राम वठवी. आणि फ्लॉपीच्या शेजारच्या खणात यादी होती, कुठल्या पाहुण्याचा कागद कुठल्या प्रिंटरवर पाठवायचा त्याची.

“साहेब, ती फ्लॉपी काढून टाकू या,” ताई दर महिन्याला म्हणत.

“आणि दातांच्या डॉक्टरांचं काय?” साहेब दर महिन्याला म्हणत.

दातांचे डॉक्टर हे कंपनीचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांचं सॉफ्टवेअर सुरू होताना आधी फ्लॉपीवर काहीतरी लिहून बघे. फ्लॉपी नसेल तर ते रुसून बसे. एका डॉक्टरांपायी सगळ्या पाहुण्यांच्या गळ्यात फ्लॉपी!

“बरं, काढू नका. निदान मोजा तरी. एक ओळ घालायची आहे, साहेब. पाचशे बाराच्या वर आलं तर घेऊ नका, एवढीच.”

“चालू गाडीला हात लावायचा नसतो, ताई. वीस वर्षांत एक तक्रार नाही! पुढच्या तिमाहीत बघू.”

अशा बारा तिमाह्या झाल्या.

म्हणून ताईंनी या वेळी बेत आखला. पाहुण्याच्या वेषात फ्लॉपीवर वाटेल तो कचरा वाटेल तेवढा फेकत राहणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला. त्याचं नाव धोपट्या. चाचणीसाठी एक वेगळं मशीन होतं, त्याला लाल पट्टी चिकटवलेली होती आणि त्यावर कुणाही गिऱ्हाइकाला ठेवायचं नाही असा दंडक होता. धोपट्या तिथे आठ दिवस धोपटत राहील, आणि ताई परत येतील तेव्हा साहेबांच्या टेबलावर आपटायला एक जाडजूड अहवाल तयार असेल!

“माझी रजाही चालू आणि कामही चालू!” अडीच वाजता धोपट्या सुरू करून ताई म्हणाल्या. “याला म्हणतात नियोजन!” आणि त्यांनी चक्क बसून चहा प्यायला.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई होत्या. हे दुसरं जुनं गिऱ्हाईक. शिकाऊ माणूस गाडीत बसण्याआधी त्याला त्या दिवशीच्या सूचनांची छापील चिठ्ठी देण्याची त्यांची पद्धत होती.

“अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? आमच्या एका गृहस्थांना काय चिठ्ठी आली माहितीये? ‘मागे रेलून बसा. तोंड पूर्ण उघडा. दुखलं तर हात वर करा.’ आणि त्यांनी केलं!”

“काय केलं?”

“सगळं केलं! रेलले, तोंड उघडलं, आणि चौकात हात बाहेर काढून वर केला! मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, थांबताहेत. तो थांबला. हे कुठले थांबतात!”

“लागलं का कुणाला?”

“कचऱ्याच्या डब्याला लागलं! गृहस्थ म्हणतात, छापील होतं, मला वाटलं नवीन नियम आला!”

ताईंनी घाईघाईनं माफी मागितली. फोन ठेवतात तोच दुसरा. दातांचे डॉक्टर. आवाज अगदी हळू, म्हणजे पेशंट खुर्चीत असणार.

“ताई, मी सुई हातात धरून उभा आहे आणि पेशंट मान हलवतोय. आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, मग आरशात बघतो. विचारलं तर म्हणतो, चिठ्ठीत लिहिलंय.”

“डॉक्टर, चिठ्ठ्या वाटणं थांबवा!”

“थांबवलंच. पण बाहेर एक बाई रडताहेत. त्यांच्या चिठ्ठीवर आलंय, ‘नापास. पंधरा दिवसांनी पुन्हा या.’ अहो, वीस वर्षं माझ्याकडे दात घासून येतात त्या!”

ताईंनी मशीनरूमकडे धाव घेतली. लाल पट्टीच्या मशीनचे दिवे जरा जास्तच उत्साहानं लुकलुकत होते.

“काका! लाल पट्टीवर कोण आहे?”

“कुणी नाही.”

“नक्की?”

“म्हणजे दातांचे डॉक्टर आहेत. आणि ड्रायव्हिंग स्कूल. रविवारी साहेबांनी घरून हलवले. जुन्या मशीनचा पंखा आवाज करत होता ना. साहेब म्हणाले, लाल पट्टीवालं रिकामंच पडलंय, उगाच वीज खातंय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” काका म्हणाले. “विचारलं की सांगतोच मी.”

ताईंनी धोपट्या बंद केला. पण आठ दिवसांची कामगिरी त्या पठ्ठ्यानं चाळीस मिनिटांत उरकली होती. पाचशे तेरापासून पुढची हजारो अक्षरं शेजारच्या खणात जाऊन पडली होती आणि प्रिंटरच्या यादीचा पार चिवडा झाला होता. आता आधी ती एक ओळ घालायची आणि मग सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं, एवढाच उपाय होता. त्यासाठी साहेबांचा पासवर्ड हवा होता. आणि साहेब मीटिंगरूममध्ये, एका मोठ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना पटवत होते.

ताईंनी दार किंचित उघडलं.

“आमच्याकडे एका पाहुण्याचं वारंसुद्धा दुसऱ्याला लागत नाही!” साहेब रंगात आले होते. “प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं! थांबा, तुमच्या पाहुण्यातून एक नमुन्याची पावती काढूनच दाखवतो!”

“साहेब, नका!” ताई म्हणाल्या. “तुमचा नमुनाही लाल पट्टीवरच आहे का?”

“हो, रिकामंच होतं ना ते!” साहेबांनी बटण दाबलं.

कोपऱ्यातल्या प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. ग्रंथपालबाईंनी तो उचलून, चष्मा सारखा करून, मोठ्यानं वाचला. “‘भूल उतरेपर्यंत गरम काही खाऊ-पिऊ नका.’” मग त्यांनी हातातला चहाचा कप सावकाश टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ताई, हे काय आहे?”

“पाचशे तेरावं अक्षर आहे, साहेब.”

“किती वेळ लागेल?”

ती ओळ घालून सगळं पुन्हा सुरू करायला बारा मिनिटं लागली. पण त्याआधी साहेबांचा पासवर्ड सापडायला पाऊण तास लागला. साहेबांनी तो कुणाला सापडू नये म्हणून एका वहीत लिहिला होता, आणि ती वही कुणाला सापडू नये अशा ठिकाणी ठेवली होती. ती शेवटी काकांच्या जाळ्यांच्या खोक्याखाली निघाली. ताईंनी ओळ घातली. मशीन उठलं. ड्रायव्हिंग स्कूलमधून निरोप आला की चिठ्ठीत पुन्हा क्लच आला. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती.

“इतकं सोपं होतं?” साहेब पडद्यावरच्या त्या एकुलत्या एक ओळीकडे बघत राहिले. “मग आधी का नाही सांगितलंत?”

ताईंना रडू आलं. खरंच आलं. छत्तीस महिने, छत्तीस ईमेल, आणि हा माणूस निर्मळ मनानं विचारत होता! पण भांडायचं तर बसावं लागलं असतं, आणि बसलं तर बस गेली असती. त्यांनी पर्स उचलली आणि जिन्यानं पळत सुटल्या. लिफ्टवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

स्टँडवर नवरा बसच्या पायरीवर एक पाय आणि जमिनीवर एक पाय ठेवून उभा होता. कंडक्टर त्याला वर ओढत होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

“आली, आली!” नवरा ओरडला. “ही काय, आलीच!”

सासूबाईंनी खिडकीची जागा ताईंसाठी धरली होती. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, “आज काय झालं होतं ऑफिसात?”

ताईंनी सांगितलं. सासूबाईंना संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण हे मात्र त्यांना झटकन कळलं.

“म्हणजे कुणी किती सामान घेऊन आत येतोय, ते बघायला दारात माणूसच नव्हता?”

“नव्हता. आज मी बसवला.”

“बाई गं! आणि हे सांगायला तुला तीन वर्षं लागली?”

“सांगायला नाही हो, आई. त्यांना ऐकायला लागली.”

“शहाणी गं माझी!” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताईंच्या गुडघ्यावर थोपटलं. चार वर्षांत ऑफिसात कुणी असं म्हटलं नव्हतं. ताईंना फार बरं वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, आणि ताईंचा फोन वाजला. साहेब.

“ताई, डॉक्टरांचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाहीये! दोन पेशंट अर्धवट भूल दिलेले बसलेत आणि त्यांचे एक्सरे दिसत नाहीत!”

“काय म्हणतंय ते?”

“म्हणतंय, फ्लॉपीनं घेतलं नाही. मी मोजलं. ते सुरू होताना पाचशे तेरा अक्षरं लिहितं, ताई! बरोब्बर एक जास्त!”

ताईंनी मनात हिशेब जुळवला. म्हणजे गेली वीस वर्षं, रोज सकाळी, ते एक जास्तीचं अक्षर शेजारच्या खणात जाऊन पडत होतं आणि निव्वळ नशिबानं कुणाच्या अंगावर बसत नव्हतं. त्यांना सापडलेलं भोक रोज वापरात होतं!

“जागा वाढवावी लागेल,” त्या म्हणाल्या. “शेजारचा खण सरकवायचा, मग सगळं तपासायचं. दोन तासांचं काम आहे.”

“ते मला आता जमणार नाही हो. सवय सुटलीय माझी. एक तर तुम्ही परत या, नाहीतर मी तुमची ती ओळ पुसतो. पुसायला येतं मला.”

ताईंनी कंडक्टरकडे बघितलं. अजून गाव सुटलं नव्हतं, पुढच्या थांब्यावर उतरता आलं असतं. शेजारी सासूबाई पाठ ताठ करून बसल्या होत्या, सुनेचा अभिमान वाटत असल्यासारख्या. मागच्या सीटवर नवरा सँडविचचा डबा उघडत होता. खिडकीतून वारा येत होता.

“ताई? ऐकताय ना? काय करू?”

“पुसा,” ताई तोंडावर हात धरून म्हणाल्या.

“काय?”

“पुसा म्हटलं ती ओळ! धोपट्या बंद आहे. आठ दिवसांत काही होत नाही.”

आधी त्यांना लाज वाटली आणि मग झोप आली. त्यांनी फोन बंद केला, पर्सच्या पार तळाशी खुपसला आणि वर शाल कोंबली.

“कोण होतं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“साहेब.”

“आता आणखी काय म्हणतात?”

शंकाताईंनी डोळे मिटले.

“काही नाही, आई. रजा मंजूर केली म्हणतात.”