मास्तरांचा पक्का टाका

मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे कोट शिवले, पण स्वतःसाठी पहिला शिवला तो विमानात बसायचं ठरल्यावर. लेकीचे दिवस भरत आले होते, जावई बोटीवर होता आणि तिच्या हाताशी कुणीच नव्हतं. मास्तरीणबाईंचा जीव त्यामुळे टांगणीला लागलेला. मास्तरांचं लक्ष मात्र कोटाच्या अस्तरात होतं. लेकीने पाठवलेला टॅब प्रवासात चोरीला जाऊ नये, म्हणून त्यांनी तो अस्तराच्या आत घातला आणि वरून दुहेरी टीप मारून टाकली. "आता हत्तीने ओढला तरी निघायचा नाही," असं त्यांचं शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं.

विमानतळावर तपासणीला उभे राहिल्याबरोबर त्यांच्या पिशवीतली कात्री आणि सुयांची डबी गेली. तपासणी करणारा अधिकारी तरुण होता, गणवेश नवाकोरा, चेहरा त्याहून कडक. त्याने दोन्ही वस्तू जप्तीच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. मग कोट यंत्रातून गेला आणि सरकता पट्टा थांबला.

"काका, कोटात टॅब आहे. बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा."

"निघत नाही, साहेब. शिवलाय."

"मग उसवा."

"कात्री द्या."

"कात्री आत नेता येत नाही."

"आत कुठे नेतोय? इथेच उसवतो. माझीच तर कात्री आहे ती!"

"होती," अधिकारी म्हणाला. "पेटीत गेलेली वस्तू प्रवाशाच्या हातात परत देता येत नाही."

"मग तुमच्याकडे एखादं पातं असेल."

"काका, आम्ही लोकांची पाती काढून घेतो. स्वतःची बाळगत नाही."

मास्तरांनी दात लावून पाहिले. दोऱ्याला काही झालं नाही, दात मात्र हलला. मागे रांग वाढत होती आणि मास्तरीणबाई घड्याळाकडे बघून घेत होत्या. "कोट ठेवा इथेच आणि चला!" त्या म्हणाल्या. पण त्यालाही नियम आडवा आला. बेवारस सामान सोडून जाता येत नाही, आणि ज्याच्या पोटात वायरी आहेत असं तर मुळीच नाही. हे ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पहिलटकरीण आहे हो पोर. हे विमान गेलं तर पुढचं आठवड्याने."

अधिकाऱ्याचं मन काही दगडाचं नव्हतं. "आणा इकडे," म्हणत त्याने कोट घेतला, टेबलाला गुडघा टेकला आणि दातओठ खाऊन अस्तर ओढलं. टर्रकन आवाज झाला.

"फाटला!" बाई आनंदाने ओरडल्या.

"छे," मास्तर तितक्याच आनंदाने म्हणाले. "माझी टीप नाही ती."

अधिकारी हळूच भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नव्या पँटीची मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली होती. रांगेतल्या एका आजीबाईंनी नातवाचे डोळे झाकले.

यानंतर पेटी झटकन उघडली. गणवेश ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठी जप्त साहित्य वापरता येतं, असा नियम अधिकाऱ्याला एकाएकी आठवला. कात्री आणि सुयांची डबी बाहेर आली, अस्तर उसवलं, टॅब तपासून बाईंच्या पिशवीत गेला. वाट मोकळी होती. पण अधिकाऱ्याने मास्तरांची बाही धरून ठेवली.

"काका, मला असा टाकून जाऊ नका."

लाज झाकायला त्याने मास्तरांचाच कोट कमरेला गुंडाळला, आणि त्याच्या आडून मास्तर चाचपडत शिवू लागले. घाई होती, पण कच्चा टाका घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "चार टाके घाला नि सोडा!" बाई कानाशी ओरडत होत्या. मास्तर म्हणाले, "चारच टाके घातले तर माणूस बसला की पुन्हा उघडा पडतो." शेवटी गाठ बसली. कात्री आणि डबी पेटीत गेली, आणि ड्युटी संपलेली त्याची एक सहकारीण ती पेटी उचलून चालती झाली. तेवढ्यात त्यांच्या विमानाची शेवटची हाक आली.

मास्तरांनी कोट ओढला. कोटाबरोबर अधिकारीही आला.

"काका, ओढू नका!"

मास्तरांनी हात फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पँटीबरोबर कोटाचं अस्तरही शिवलं गेलं होतं, तेही दुहेरी.

बाईंनी दोघांनाही पुढे घातलं. तिघं धावत सुटली. अधिकारी पुढे, कोट मधे, मास्तर मागे. स्वतः अधिकारी पळत येतोय म्हटल्यावर दारावरच्या मुलीने बंद होणारं दार न विचारता उघडलं. विमानाचं तोंड समोर होतं आणि कोटाची बाही मास्तरांच्या मुठीत.

"एक हिसका मारा," अधिकारी डोळे मिटून म्हणाला.

"शिवण सुटणार नाही. कापड फाटेल."

"अहो, नातवंड बघायचंय की कोट?" बाई आतून ओरडल्या.

मास्तरांनी बाहीवरून एकदा हात फिरवला. मूठ उघडली. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि ते लपवायला ते भराभर आत शिरले. दार लागता लागता मात्र राहवलं नाही. त्यांनी मान बाहेर काढली.

"साहेब, कात्री लावायचीच तर पँटीला लावा! कोट नवा आहे!"