नानांच्या राजाची राहिलेली उडी

बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या प्रत्येक चालीला "कावून?" म्हणून विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि चार महिने रोज दुपारी त्याच्यासमोर बसलोय. घोडा हलवला, "कावून?" प्यादं सरकवलं, "कावून?" कारण सांगितल्याशिवाय भानुदासनाना पुढची चाल करत नसत. पटेल असं कारण माझ्याकडे क्वचितच असे.

दुष्काळाचं वर्ष होतं. आष्टीजवळच्या माळावर आमच्या सोसायटीने चारा छावणी चालवायला घेतली होती. मी सोसायटीचा गटसचिव, म्हणून जनावरांचं रजिस्टर माझ्याकडे. सकाळी हजेरी, संध्याकाळी पाचला चारा. मधल्या वेळात करण्यासारखं काही नव्हतं. नाना छावणीत एकच बैल घेऊन आले होते. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी गेला. एका बैलाने औत चालत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं.

"ते बैलालाबी ठावं हाय, सायब," नाना म्हणाले. "त्याच्यादेखत नका सांगू. त्यो मनाला लावून घेतो."

आमचा पट म्हणजे पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने ओढलेल्या रेघा. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी सुपारी. नियम देशी. प्यादं एकेकच घर चालणार, आणि राजाला डावात एकदा, शह बसलेला असला तरी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. ही उडी नाना लग्न लावल्यासारखी साजरी करत. आता यांना मात बसते असं मला वाटावं, तेवढ्यात ते उपरण्याला हात पुसणार, राजा कपाळाला लावणार, "चला म्हाराज" म्हणणार आणि त्याला उडवणार. झालं, पुढे आणखी दीड तास.

हेच माझं दुखणं होतं. नाना मला हरवत, पण लवकर हरवत नसत. माझा वजीर मारल्यावर माणसाने मात देऊन मोकळं करावं की नाही? नाना कडेचं प्यादं एक घर सरकवणार आणि बैलाच्या आईची गोष्ट सुरू करणार. वरून पत्रा तापलेला, खाली मी घामाने निथळतोय, आणि गोष्टीत बैलाची आई अजून कालवडच.

एकदा वैतागून मी त्यांना माझ्या फोनशी खेळायला लावलं. एकोणीस चालींत हरले. हरल्याचं त्यांना काही नव्हतं. फोन कारण सांगत नाही, याचा संताप. फोनने मध्येच हत्ती मरायला दिला, तेव्हा नाना ओरडले, "काय बे, जित्ता हत्ती दिलास? कावून?" पुढे त्याने घोडा होता त्या घरात परत नेला. "गेलेला घोडा माघारी? आपल्या चेअरमनला जमायचं न्हाई हे!"

ते खरं होतं. सोसायटीच्या चेअरमननी पाण्यापासून दोन कोसांवर छावणी टाकली होती आणि एकदा बोलून गेलो म्हणून हलवायला तयार नव्हते.

मी नानांना समजावलं. फोन लाखो चाली पुढे मांडून बघतो, प्रत्येक मांडणीला मार्क देतो आणि जास्त मार्कांची चाल करतो. मघाशी काय ठरवलं होतं, त्याचं त्याला ओझं नाही. आपण दोन-चार चालीच बघतो, त्याही सवयीने, भीतीने, नाहीतर हट्टाने.

"त्याला म्होरं कोण बसलंय ते दिसतं का?"

"त्याची गरजच नाही, नाना."

"मग त्यो खेळत न्हाई, सायब. निसता जिततो."

आता मी जे केलं ते सांगतो. एका दुपारी मी रजिस्टरच्या आडोशाला फोन ठेवला. नानांची चाल त्यात भरायची आणि तो सांगेल ती पटावर करायची. "कावून?" आलं की मी म्हणे, "बघा तर." चार-पाच चालींनंतर त्यांनी विचारणंच सोडलं. मला वाटलं, घाबरले. पावणेदोनला मात झाली. मी मांडीवर थाप मारली. नाना पटाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी राजा हळूच आडवा केला, "झ्याक," म्हणाले आणि बैलापाशी जाऊन बसले.

पाचला चारा वाटताना माझ्या ध्यानात आलं, नानांनी उडी घेतलीच नव्हती! फोनला देशी नियम कुठले ठाऊक? त्याच्या लेखी मात होती. आमच्या लेखी राजाची उडी शिल्लक होती, घरही मोकळं होतं.

लिहून ठेवायची मला नोकरीने लागलेली खोड. आमचे डावही रजिस्टरच्या मागच्या पानांवर होते. घरी जाऊन मी एकेका डावाच्या उडीपर्यंतच्या चाली फोनमध्ये भरल्या. नानांच्या चालींवर तो लाल खुणा करत गेला. चूक. मोठी चूक. इथे दोन चालींत मात होती. इथे तर एकाच. कडेचं प्यादं जिथे जिथे सरकलं होतं, तिथे तिथे लाल खूण. नानांचा मुलगा-सून ऊसतोडीला गेले ते तिकडेच वीटभट्टीवर थांबलेत, घराला कुलूप आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी रोज घड्याळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बैलाच्या दावणीपाशी जाऊन सांगून टाकलं, "नाना, काल मी फोन बघून खेळलो."

"ठावं हाय. हत्ती देताना तुमी रडकुंडीला येता. काल हसत दिलात."

"मग उडी का नाही घेतली?"

"कुनापसून उडू? म्होरं कुनी न्हवतंच की." नाना बैलाच्या पाठीवरची गोचीड काढत होते. "आन् त्या फोनला एक इचारा. डाव त्यानं पावनेदोनला संपिवला. चारा येतो पाचला. मधी मी काय करू, ते सांगितलं का त्यानं?"

मी फोन रजिस्टरसकट कचेरीच्या तंबूत ठेवून आलो, पोतं झटकून पसरलं. नानांनी सुपारी उंटाच्या घरात ठेवली. मी कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

नानांनी प्याद्याकडे पाहिलं. मग मांडी घालून नीट बसले.

"कावून?"